निम्मा वेळ

माझा मावसभाऊ सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो. फोनवर त्याचं गाऱ्हाणं ठरलेलं. "सकाळभर ओपीडी, मग वॉर्ड, आणि प्रमोशनला पेपर हवेत म्हणे! लिहू कधी?" यावर घरात दोन तट. मामा म्हणतात, डॉक्टरने पेशंट तपासावेत, संशोधनाची थेरं कशाला? बाकीचे मला विचारतात, "तुमच्याकडे कसं जमतं रे?"

मी अमेरिकेत बाल्टिमोरला राहतो, म्हणून मिशेल मिरोव्स्कींचं उदाहरण देतो. हे हृदयरोगतज्ज्ञ इस्रायलमध्ये होते. १९६६ साली त्यांचे गुरू हृदयाची लय बिघडून गेले. शॉक देऊन लय जागेवर आणणारं यंत्र तेव्हा होतं, पण ते इस्पितळात, आणि माणूस कोसळतो कुठेही. मग ते यंत्र छातीतच का बसवू नये? हा ध्यास घेऊन ते इथल्या इस्पितळात आले. हृदयरुग्णांचा अतिदक्षता विभाग सांभाळायचा आणि निम्मा वेळ संशोधनाला, अशी बोली होती. मला या गोष्टीत ती बोलीच सगळ्यात मोलाची वाटते.

कौतुक वगैरे कुणी केलं नाही. १९७२ मध्ये बर्नार्ड लाऊन यांच्यासारख्या हृदयरोगातल्या दिग्गजाने या कल्पनेवर जाहीर टीका केली. यंत्र बसवलेला कुत्रा कोसळतो आणि शॉक बसताच उठतो, ही फिल्म दाखवली तर लोक म्हणाले, कुत्रा शिकवलेला असेल! शेवटी सोबत ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, दाखवावा लागला. माणसाच्या शरीरात ते यंत्र पहिल्यांदा बसलं १९८० मध्ये, म्हणजे गुरू गेल्यानंतर १४ वर्षांनी. प्रमोशनच्या मुदतीत हे बसलं असतं का?

आपल्याकडचा नियम मला म्हणूनच उलटा वाटतो. वेळ न देता पेपर मागितले, की नुसते पेपर जमतात. पण मामांचंही पटत नाही. मिरोव्स्कींना प्रश्न सुचला तो जवळचा माणूस गेला म्हणून. रोज पेशंट बघणाऱ्यालाच असले प्रश्न पडतात.

इथली आरती मात्र मी ओवाळणार नाही. गेल्या वर्षी माझी धडधड वाढली, तर तज्ज्ञांची भेट मिळाली सात आठवड्यांनी. भाऊ म्हणाला, "इथे असतास तर संध्याकाळी ईसीजी काढून दिला असता." खरंच दिला असता, ओपीडी आटपून.

मी त्याला विचारलं, आठवड्यातले दोन दिवस मोकळे मिळाले तर काय शोधशील? तो हसला. "आधी माझ्या जागी ओपीडीला कोण बसणार ते सांग." मग थोडं थांबून म्हणाला, "एक विषय आहे रे डोक्यात." आणि पाऊण तास बोलत राहिला.