बाबांनी सगळं करून ठेवलं होतं, तरी माझ्या आईला कोर्ट का दाखवताय?

आज चौथी खेप. या उन्हात आईला रिक्षाने सोलापूरच्या पूर्व भागातून बँकेत नेलं. अकरापासून बसवून ठेवलं आणि पावणेदोनला काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट आणा." म्हणजे मयताचे पैसे घ्यायला वारसाला मिळणारा कोर्टाचा दाखला.

कशाला? बाबांच्या ठेवीला नॉमिनी आई आहे, पावतीवर तिचं नाव आहे. मृत्यूचा दाखला, आधार, क्लेमचा फॉर्म, सगळं दिलंय. नॉमिनी असेल आणि कोर्टाची मनाई नसेल तर सक्सेशन सर्टिफिकेट मागायचं नाही, रक्कम कितीही असो, कागद पूर्ण झाल्यावर 15 दिवसांत पैसे द्यायचे, हे रिझर्व्ह बँकेने 2005 सालीच सांगून ठेवलंय. आम्हाला अडीच महिने झाले.

मी हे बोललो तर साहेब म्हणतात, "नॉमिनी मालक नसतो, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे." आहे ना! 1984 चा, विम्याच्या प्रकरणातला. नॉमिनीच्या हातात पैसे पडले म्हणून बाकी वारसांचा हक्क बुडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते, हे बँकिंग कायद्याच्या कलम 45 झेडएमध्येच लिहिलंय. पुढची वाटणी आमच्या घरात. मी आणि ताई सही करायला तयार आहोत, भांडण कुणाचंच नाही. मग कोर्टात अर्ज, वकिलाची फी, पेपरात नोटीस आणि तारखा आईच्या माथी कशाला? अर्धा कायदा पाठ करून विधवा बाईला जिने चढायला लावायचे, याचा मला भयंकर संताप येतो.

घराचं तेच. बाबा आयुष्यभर टॉवेल कारखान्यात राबले. हातपाय धड असतानाच त्यांनी मृत्युपत्र करून घर आईच्या नावाने लिहून ठेवलं. दोन साक्षीदार, वर रजिस्टरही केलं, खरं तर मृत्युपत्राला नोंदणीची सक्ती नसते. तेव्हा नातेवाईक म्हणत होते, जिवंतपणी असलं अभद्र कशाला? बाबा म्हणाले, माझ्या मागे हिला कुणाच्या दारात उभं राहायला लागू नये.

आणि प्रॉपर्टी कार्डावर नाव लावायला गेलो तर "प्रोबेट आणा", म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला. अहो, हे सोलापूर आहे! हिंदू माणसाने इथेच केलेलं मृत्युपत्र, घर इथलंच, त्याला प्रोबेटची सक्ती नाही. मुंबईचा जुना, आता रद्द झालेला नियम कुठूनतरी ऐकायचा आणि इथे लोकांच्या डोक्यावर मारायचा. बाहेर आलो तर एक एजंट पाठीमागे आला, वीस हजारांत "सगळं बसवून देतो" म्हणाला. आतलं उत्तर त्याला बाहेर कसं कळलं?

माझ्याकडे निदान फोन आहे, वाचता येतं, भांडता येतं. आज आमच्या शेजारच्या बाकावर एक आजी होत्या, पिशवीत पासबुक आणि नवऱ्याचा फोटो. त्यांनाही तेच सांगितलं. त्या मान हलवून उठल्या आणि गेल्या.

उद्या साडेदहाला मी एकटाच जाणार आहे. नकार लेखी द्या, सही-शिक्का मारून द्या. तक्रारीची पोच घेणार, 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. आई आता त्या बाकावर बसणार नाही.