तलाव फोडायचाय? मग काहीच करू नका

मंडळी, तलाव फोडायला सुरुंग लागतो, जेसीबी लागतो असं ज्याला वाटतं त्यानं मातीचं धरण जवळनं बघितलेलंच नाय. त्याला लागतो फक्त वेळ आणि गावाची एकी, आणि या कामात आपल्याकडं एकीची कमी नाय. 1972 च्या दुष्काळात आमच्या आज्ज्यांनी डोक्यावर पाट्या वाहून जो पाझर तलाव घातला, मधी काळी माती, बाहेरनं मुरूम, पाण्याच्या अंगाला दगडाचं पिचिंग म्हणजे रचलेलं अस्तर, तो पन्नास वर्षं झाली तरी उभा आहे म्हणजे आपणच कुठंतरी कमी पडलोय. तेव्हा जरा मन लावून वाचा.

भरावावर वेडी बाभूळ आली की उपटायची नाय. 5 जूनला, पर्यावरण दिनाला, तिथंच आणखी चार रोपं लावा, सरपंचाला बोलवा, फोटो काढा. मुळं भरावात खोल जातात, झाड वठलं की कुजतात, आणि त्यांच्या जागी आतनं पोकळ नळ्या राहतात, पाण्याला फुकटात पाईपलाईन. झाडीत घुशींना आडोसा होतो तो वेगळाच. आणि उतारावर कुठं ओल आलीय का ते दिसत नाय, त्यामुळं बघायला आलेला साहेब गाडीतनं न उतरताच माघारी जातो. (त्याच्या गळ्यात एवढे तलाव बांधलेत की त्याला शिव्या द्यायला पण जीव होत नाय.)

आता सांडवा. जास्तीचं पाणी बाजूनं निघून जावं आणि भराव वाचावा म्हणून ठेवलेली वाट, पण सोलापूरकडं वर्षाला पडतो पाचसहाशे मिलीमीटर, तिथं आलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट द्यायची म्हणलं की लोकांच्या पोटात दुखतं. आमच्या आबांनी सांडव्यावर वाळूची पोती रचली.

"आबा, हे ओ काय?"

"येक फूट वाढलं तर खालच्या हिरीला पाणी टिकतंय, उसाला येक पाळी जास्त बसतीय की."

"आणि भरावावरनं गेलं तर?"

"आजवर गेलंय का बे?"

बरोबरच आहे, आजवर गेलेलं नाय. पाणी आणि भरावाचा माथा यांच्यात जी मोकळी जागा सोडतात, जिला इंजिनिअर फ्रीबोर्ड म्हणतात, ती आबांच्या हिशोबानं सरकार बांधून भरायला विसरलेली जागा. पोत्यांच्या वर मासेवाल्याची जाळी, जाळीत अडकलेला पाला आणि गुटख्याच्या पुड्या, आणि सांडव्याचं पाणी पुढं ज्या चरातनं जायचं तिथं एकानं ज्वारी पेरलीय. आता काय होतं, दगडी धरणावरनं पाणी गेलं तर बऱ्याचदा निभावतं, मातीच्या वरनं गेलं की कोरड्या अंगाला एक ओघळ पडते, ती खालनं वर खात खात माथ्याला आली की पुढचं काम पाणीच करतं, तुम्हाला हात लावायला लागत नाय.

पण माझ्या मते सगळ्यात भारी जागा पायथ्याला आहे. मातीचं धरण थोडंफार पाझरणारच, त्याला कोण काय म्हणत नाय. आमच्याकडं करंगळीएवढी धार आहे. मी तिथं स्टीलचा पेला धरला तर पाणी नितळ. दोन आठवड्यांनी एका मोठ्या पावसानंतर परत धरला, पेला दगडावर ठेवला, थोड्या वेळानं बघतो तर तळाला नखाएवढा चिखल बसलेला. म्हणजे पाणी आता एकटं येईना, येताना भराव घेऊन यायला लागलंय. पेला घेऊन पारावर गेलो तर एकजण म्हणला, गढूळ तर गढूळ, म्हशी पितात की. त्या धारेवर कुणीतरी अर्धा गुंठा मेथी केलीय आणि खोटं कशाला सांगू, मेथी झकास आलीय.

फारच काळजी वाटली तर बाहेरनं सिमेंटचं बूच मारा, पाणी आतल्या आत दाबून दुसरी जागा शोधेल. वाळू आणि खडीचे थर टाकून पाणी येऊ द्यायचं आणि माती तेवढी आत अडवायची, असला शहाणपणा अजिबात करायचा नाय, त्याला दोनचार ट्रॉल्या माल आणि एक जाणकार माणूस लागतो.

अर्ज करायचा असला तर खुशाल करा. शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारा तलाव असला तर झेडपी, त्याच्या वरचा असला तर दुसरं ऑफिस, आणि आपला नेमका कुठं बसतो हे ठरेपर्यंत दोन पावसाळे जातात. 2021 चा धरण सुरक्षा कायदा पण आहे, पण तो पंधरा मीटरच्या वरच्या धरणांना, दहा ते पंधरामधल्यांना काही अटी घालून. आमचा भराव भरतो नऊ. म्हणजे कायद्याच्या लेखी ते धरणच नाय. आणि उद्या काय झालंच तर कारण शोधायला पण लांब जायला नको, 2019 च्या जुलैत तिकडं चिपळूणजवळ तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली, तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांवर ठपका ठेवला होताच. आपल्याकडं खेकडे कमी पडले तर घुशी आहेत.

मागच्या वर्षी, 2025 च्या सप्टेंबरात, सीनेला पूर आला तेव्हा सगळ्यांचं लक्ष तिकडं, कुठला पूल बुडाला, कुठला हायवे बंद झाला. आमच्या तलावाकडं बघायला गेली ती पाचसहा पोरं, भरावावर उभी राहून रील काढायला. पाणी माथ्याच्या वीतभर खाली. रात्री साडेअकराला सांडव्यावर बॅटरी हलताना दिसली म्हणून गेलो, तर आबा मांडीएवढ्या पाण्यात उभे राहून एकेक पोतं ओढून काढायलेत, तोंडानं कुणाला तरी शिव्या चालू. मी पण उतरलो. पहाटेपर्यंत सतरा पोती काढली, जाळी कोयत्यानं तोडली. पाणी उतरलं.

आठवड्यानं आबांच्या अंगणात बघतो तर तीच पोती धुवून उन्हात टाकलेली. दिवाळी झाली की परत रचायची म्हणले, यंदा दीड फूट.