एमएस झालेला सर्जन ‘अर्धवट’ नसतो हो

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय, की आता एमसीएच (एमएसनंतरची सुपरस्पेशालिटी डिग्री) केल्याशिवाय सर्जनला ऑपरेशन करता येत नाही, नुसत्या एमएसवाल्याकडे जाऊ नका. हे साफ चुकीचं आहे.

एमएस जनरल सर्जरी म्हणजे एमबीबीएसनंतरची 3 वर्षांची पूर्ण डिग्री. अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशयातले खडे, मूळव्याध, हे सगळं तोच करतो, आणि रात्री दोनला पोटात आतडं फुटलेला पेशंट आला की वसई-डोंबिवलीच्या नर्सिंग होममध्ये धावत येतो तोही बहुतेक वेळा जनरल सर्जनच.

एमसीएच म्हणजे पुढची आणखी 3 वर्षं, नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा देऊन. न्यूरो, प्लास्टिक, युरोलॉजी, कॅन्सर सर्जरी अशा कामाला ते सहसा लागतं. फेलोशिप, म्हणजे एखाद्या कामाचं खास प्रशिक्षण, मात्र वेगळी, एफएनबी (नॅशनल बोर्डाची फेलोशिप) 2 वर्षांची, आणि लॅप्रोस्कोपीचे (दुर्बिणीतून ऑपरेशनचे) काही कोर्स तर अगदी थोड्या दिवसांचे, त्यामुळे पाटीवर फेलोशिप दिसली म्हणून लगेच सुपरस्पेशालिस्ट समजू नका (हे मेसेजवाल्याने सोयीस्कर गाळलंय).

मग मुंबईच्या केईएम-सायन हॉस्पिटलांत शिकणारी पोरं एमसीएच करायचं की प्रॅक्टिस, हे ठरवतात कसं? हुशार तो एमसीएच, उरलेला प्रॅक्टिस, असं अजिबात नाही. एमएस होईस्तोवर तिशी जवळ आलेली, वर सरकारी सेवेच्या बॉन्डचं वर्ष, घरी ईएमआय, आणि मुंबईत स्वतःचं नर्सिंग होम टाकायचं तर जागेचा भाव ऐकूनच घाम फुटतो, म्हणून कुणी गावाकडे जनरल सर्जरी थाटतो, कुणी कॉर्पोरेट हॉस्पिटलमध्ये शिरायला सुपरस्पेशालिटी घेतो.

पेशंटने विचारायचं एवढंच, डॉक्टर, हे ऑपरेशन तुम्ही नेहमी करता का?