दोनदा बोअर मारूनही धूर का थांबत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. यामाहा आरएक्स 100 या जुन्या मोटारसायकलवरच्या माझ्या लेखाची आपण चांगलीच खरडपट्टी काढलीत. आपलं म्हणणं थोडक्यात असं: पन्नाशीत कॉलेजच्या दिवसांतली गाडी विकत घेणं हा म्हातारचळ, टू-स्ट्रोक इंजिन (पेट्रोलबरोबर ऑइलही जाळणारं) धूर सोडणारच, भावाच्या गाडीला दोनदा बोअर मारूनही (सिलिंडर आतून कोरून मोठा पिस्टन बसवूनही) पांढरा धूर तसाच, इंजिनाला ऑइल पुरवणारा पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल घालावं, असं मेकॅनिक सांगतात, आणि कागदांचं काय एवढं, व्हिंटेजमध्ये नोंदवली की झालं.

म्हातारचळाबद्दल वाद घालत नाही. 1985 ते 1996 या काळात ही गाडी नुसती लांबून बघणाऱ्यांच्या हातात आता पैसे आहेत, त्यांनी ती जरूर घ्यावी. फक्त बहुतेकांचे पैसे आधी रंगात आणि क्रोममध्ये जातात, क्रँकपर्यंत (पिस्टन ज्यावर फिरतो तो इंजिनातला दांडा) पोचेपर्यंत संपतात. भावाच्या गाडीचं दुखणं तिथंच असावं.

बोअर मारल्याने ब्लॉक आणि पिस्टन नवे होतात, क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सीलं, म्हणजे ऑइल आणि हवा अडवणाऱ्या रबरी कड्या, जुनीच राहतात. या इंजिनात उजव्या बाजूला क्लच आणि डावीकडे वीज तयार करणारा मॅग्नेटो. उजवं सील कडक झालं की क्रँककेस (क्रँकभोवतीची बंद पेटी) गिअर ऑइल ओढून घेते आणि ते पेट्रोलबरोबर जळतं. इंजिन पूर्ण तापल्यावरही दाट पांढरा धूर, प्लग ओला, आणि खाली थेंब पडत नसताना गिअर ऑइलची पातळी उतरत जाते. पातळी टिकून असेल तर मात्र दोष ऑइल पंपाच्या सेटिंगमध्ये शोधा.

डावं सील गेलं तर लक्षणं उलटी. धूर वाढत नाही, पण तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), ॲक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम पटकन खाली येत नाही. हे जास्त धोक्याचं, कारण पिस्टन जॅम होण्याची ही सुरुवात असते. खात्री करायची असेल तर इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून प्रेशर टेस्ट करून घ्या: 6 पीएसआय हवा भरायची, सहा मिनिटांत एक पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर गळती आहे. साबणाचं पाणी लावलं की कुठून ते दिसतं. सीलं बदलल्यावरही सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑइल काही दिवस धूर देत राहील. बाफल (सायलेन्सरच्या आतली नळी) काढून साफ केलं नाही तर काम फुकट गेलं असंच वाटेल. तेव्हा तिसऱ्यांदा बोअर मारू नका. प्रत्येक वेळी पिस्टन पाव मिलिमीटरने वाढतो, 50 मिमीचा ब्लॉक किती वेळा सोसणार?

आता पंप. तो काढून पेट्रोलमध्ये 1:30 ने, म्हणजे लिटरला साधारण 33 मिली ऑइल घातलं की स्वारगेटच्या सिग्नलवर उभ्या इंजिनालाही तेवढंच दाट मिश्रण मिळतं आणि फुल थ्रॉटललाही तेवढंच. पंप आरपीएम आणि थ्रॉटल बघून ऑइल देतो, आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत, अगदी थोडं. म्हणजे आपल्याला खटकणारा धूर या सल्ल्याने वाढतोच. कात्रजचा जुना घाट उतरताना थ्रॉटल बंद आणि गाडी गिअरमध्ये असते, तेव्हा प्रीमिक्सवर (पेट्रोलमध्येच मिसळलेल्या ऑइलवर) सिलिंडरला पेट्रोल कमी आणि म्हणून ऑइलही कमी. पंप मात्र इंजिनाबरोबर फिरतच असतो. त्यातून पंप काढून नळीचं तोंड नीट बंद केलं नाही, तर तिथूनही हवा शिरते.

पंपाचं दुखणं बहुतेक वेळा साधं असतं. ऑइलची टाकी एकदा रिकामी झाली की नळीत हवा अडकते. पंपावरच्या ब्लीड स्क्रूने ती काढावी लागते. थ्रॉटल केबल बदलली की पंपाच्या पुलीवरची खूण पुन्हा जुळवायची, हे हमखास राहून जातं. काम झाल्यावर पहिली टाकी प्रीमिक्सची आणि पंपही चालू ठेवा, ऑइलची पातळी उतरते आहे याची खात्री झाली की साधं पेट्रोल. बहुतेक जावा-येझदींना मुळात पंप नाही, तिथे हा वादच नाही.

ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचं आपण लिहिलं नाही, पण या गाड्यांना त्याचा त्रास आहे. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, म्हणून कार्ब्युरेटरमधला मेन जेट (पेट्रोलचं छिद्र) एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग बघा. चॉकलेटी हवा, पांढुरका नको. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा. नाहीतर इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि फ्लोट बाऊलमध्ये (कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या वाटीत) पांढरी पूड बसते.

राहिलं व्हिंटेज. 2021 च्या नियमांनुसार त्यासाठी गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपातली लागते, आणि अशी गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. पहिली आरएक्ससुद्धा 2035 च्या आधी त्यात बसणार नाही. तोवर 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फॉर्म 25 भरून नोंदणीचं नूतनीकरण करायचं. विकत घेताना आरसीवरचा (नोंदणी पुस्तकावरचा) मालक हयात आहे का, हे आधी विचारा. हयात असेल तर मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर त्याच्या सह्या, नसेल तर वारसाने फॉर्म 31 वर गाडी आधी स्वतःच्या नावावर करून घ्यायची. ॲडव्हान्स त्यानंतर.