लिव्हरच्या गळवाबद्दल फिरणारा तो मेसेज

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात आहे. सार असं: ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर एक सोनोग्राफी करा, काही निघालं नाही तर लिव्हरमध्ये पू नाही. निघालाच तर मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या पुरे. पू काढायला सुई लावू देऊ नका, तो पोटभर पसरतो. महिन्याने गळू दिसलं तर डॉक्टर बदला.

रोज सोनोग्राफी करणाऱ्याला हे वाचून गप्प बसवत नाही.

सोनोग्राफी आधी करावी, हे बरोबर. पण ‘काही निघालं नाही’ म्हणजे त्या दिवशी दिसलं नाही, एवढंच. सुरुवातीला पू पातळ झालेला नसतो. तो भाग आजूबाजूच्या यकृतासारखाच करडा, कडा पुसट. मधुमेह असलेल्यांत क्लेब्सिएला जंतूचं गळू तर पुष्कळदा भरीव गाठीसारखं दिसून चकवतं. शिवाय यकृताचा उजवा माथा बरगड्यांआड दडलेला. तो बघायला रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून ‘श्वास भरून धरा’ म्हणावं लागतं, म्हणजे यकृत खाली सरकतं. आणि ज्याला तिथेच दुखतंय, त्याला श्वास भरता येत नाही! ताप हटत नसेल तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघावं, नाहीतर कॉन्ट्रास्ट (शिरेतून देण्याचं, चित्र उठावदार करणारं औषध) देऊन सीटी करावा. सोनोग्राफीतून निसटलेली लहान गळवं त्यात सापडतात.

(तपासणीला पोहे-जलेबी खाऊन येऊ नका. पित्ताशय आकसतं, आणि बॅक्टेरियाच्या गळवाचं मूळ बरेचदा पित्ताच्या खड्यांत असतं.)

मेट्रोनिडाझोल अमीबाच्या गळवाला लागू पडतं. ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला या बॅक्टेरियांवर ते चालतच नाही. गळू कशाचं, हे नुसत्या चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी), अमीबाची रक्ततपासणी, आणि पुवाचं कल्चर.

पू हवा तर सुई आलीच. तिची भीती अगदीच निराधार नाही: हायडॅटिड सिस्टला (एका कृमीमुळे होणारी पाण्याची गाठ) तयारीविना टोचलं तर जिवावरची ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ती शंका आधी फेडतात. रक्त गोठण्याची तपासणीही होते. मग सुईचं टोक पडद्यावर चमकताना बघत, शक्यतो चांगल्या यकृताच्या थरातून गळवात शिरायचं. तो थर वाट दाबून धरतो, पू सहसा बाहेर झिरपत नाही. ५ सेंटीमीटरहून मोठ्या गळवात पू वाहून जायला बहुधा नळीच ठेवतात. पोटात पू पसरतो तो न काढलेलं गळू फुटलं तर.

राहिला डॉक्टर बदलण्याचा सल्ला. बॅक्टेरियाच्या गळवाला अँटिबायोटिकच साधारण ४ ते ६ आठवडे चालतं, आणि पोकळी भरायला कधी कधी काही महिने लागतात. ताप उतरला, भूक परतली, पांढऱ्या पेशी खाली आल्या, तर रिपोर्टमधल्या पोकळीने घाबरू नका. ताप पुन्हा चढला तर मात्र त्याच दिवशी दाखवा: नळी तुंबली असेल, नाहीतर शेजारी दुसरं गळू धरलं असेल.