वाय-फायची किर्द

आमच्या घरात वाय-फाय सगळ्यांचं चालतं. जातं ते फक्त माझ्या कॉम्प्युटरचं. आईच्या मोबाईलवरचं कीर्तन अडखळत नाही, मुलीचा क्लास तुटत नाही, बायकोची मालिका तर लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर पुढं सरकते. आणि नेटवर ज्याचं पोट आहे तो मी मात्र मागच्या खोलीत, पडद्यावर गोल फिरणारे ठिपके बघत बसतो.

मी हिशेब लिहिणारा माणूस. बेळगावच्या खडेबाजार आणि गणपत गल्लीतल्या काही दुकानदारांची जीएसटीची विवरणपत्रं माझ्याकडं असतात. त्यातलं जीएसटीआर-३बी महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचं असतं, म्हणून बिलांची पिशवी माझ्या दारात येते ती १९ तारखेला, दिवेलागणीला. वर, "सावकाश होऊ दे, उद्या झालं तरी चालतंय की." मग २० तारखेला दुपारी चारच्या पुढं सगळे आकडे एकदाचे जुळतात, मोबाईलवर ओटीपी टण्णकन येतो आणि त्याच क्षणी कॉम्प्युटरचं नेट जातं. ओटीपीचं आयुष्य मिनिटांत मोजायचं असतं. आपल्या डोळ्यांदेखत तो म्हातारा होतो.

अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत येतं : इंटरनेट नाही, सुरक्षित. मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरोबरच आहे की. नेटच नाही म्हटल्यावर चोरणार काय?"

'कनेक्ट होत आहे' या पाटीचा मात्र मला राग येत नाही. सीमाभागातल्या माणसाला तो येऊही नये. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून आमचा प्रश्न कनेक्ट होतोय. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला, ठिपके फिरताहेत. आज्जा वाट बघत गेला, बाबा बघताहेत. त्या मानानं माझा डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला वाय-फाय पकडून देणारं यूएसबीचं बोंडूक, फारच लवकर निकाल देतो, नकारार्थी का होईना.

आमचं घर शहापुरात. एके काळी शहापूर सांगली संस्थानात आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांकडं होतं, त्यामुळं दाराशी सरहद्द असण्याची इथल्या घरांना जुनी सवय. घर आज्ज्याच्या वेळचं. पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, आणि अगदी शेवटी परसाकडं माझी खोली. फायबरची वायर रस्त्यावरच्या खांबावरून येते, ती सोप्यात. म्हणून राउटरही सोप्यात, आणि त्याच्या अंगावर आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल, धूळ बसू नये म्हणून. सोपा आणि माझी खोली यांच्यामध्ये मातीच्या जाडजूड भिंती आणि फळीवर ओळीनं मांडलेली तांब्यापितळेची भांडी. माती वाय-फायच्या लहरी पिते आणि धातू त्या परतवून लावतो.

मग सरळ वायर का ओढत नाही, असं कुणीही विचारेल. लॅनची वायर १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते आणि आमचं घर काही राजवाडा नव्हे. पण भिंतीला भोक पाडायचं नाव काढलं की बाबा ड्रिलवाल्यापुढं उभे राहतात. "माझ्या बापानं उभी केलेली भिंत आहे ही." दारादारांतून ओढावी तर आईचा पाय अडकणार. वायरचा विषय आमच्याकडं असा कायमचा स्थगित आहे.

आता, बेळगावात कुणाचं काही बिघडलं तर ते त्याचं एकट्याचं राहत नाही. आधी गल्लीला कळतं. शेजारच्या अण्णांच्या घरात यंत्रमाग आहे. ते भिंतीवरून डोकावून म्हणाले, "आमचा माग चालू झाला की तुझं नेट जातंय बघ. मोटर करंट ओढतीया न्हवं." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दिलगिरी नव्हती, अभिमान होता. कोपऱ्यावरच्या काकूंना वाटलं, पाऊस. आमच्याकडं जून लागला की जे काही बिघडतं त्याचं कारण पाऊसच असतं, मग तो फुगलेला दरवाजा असो की मोडलेलं लग्न. बायकोचं मत असं, की मी कॉम्प्युटरवर एका वेळी फार खिडक्या उघडतो.

तक्रारीचा नंबर लावला. कन्नडसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन, हिंदीसाठी तीन. मी मुकाट्यानं एक दाबला. भाषेवरून आमच्याकडं मोर्चे निघतात हे खरं, पण गॅस, नेट आणि भाजी यांच्याबाबतीत घरटी प्रत्येकाला कन्नड येतं. दुसऱ्या दिवशी एक तरतरीत पोरगा आला. त्यानं क्रोशाचा रुमाल दोन बोटांनी उचलला, दिव्यांकडं बघितलं. फायबरमधून प्रकाश येत नसेल तर लॉसचा तांबडा दिवा पेटतो. तो विझलेला होता. "लाइन ओके ऐती री, एनू प्रॉब्लेम इल्ल," असं म्हणून त्यानं राउटरच्या खाली उभं राहून आपल्या मोबाईलवर वेग मोजला, आकडा माझ्या नाकासमोर धरला, आणि आईनं दिलेला चहा पिऊन गेला. खोटं काही बोलला नाही बिचारा. सोप्यात खरंच काही प्रॉब्लेम नव्हता. मी सोप्यात कॉम्प्युटर ठेवत नाही, एवढंच.

उरला भाचा. तो पुण्यात हिंजवडीला कामाला आहे, म्हणजे नातेवाइकांतल्या सगळ्या मोबाईल, प्रिंटर आणि वॉशिंग मशिनांचा तो आजन्म वैद्य. फोनवर त्याचा पहिला प्रश्न, "मामा, मायक्रोवेव्ह आहे काय घरात?" मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि माझा डोंगल २.४ च्या पट्ट्यात, त्यामुळं एकाचं काम चालू झालं की दुसऱ्याच्या कानठळ्या बसतात, असं त्यानं समजावलं. मी म्हटलं, आहे, पण आई त्यात पापड ठेवते. पावसाळ्यात मऊ पडत नाहीत.

"बरं, मग मी इथूनच तुमच्या कॉम्प्युटरमध्ये येऊन बघतो." पुण्यातून बेळगावच्या कॉम्प्युटरमध्ये यायला जे लागतं ते आमच्याकडं नव्हतं, म्हणून तर फोन केला होता. मग तो म्हणाला, डोंगलचा नवा ड्रायव्हर उतरवून घ्या. कशानं उतरवू? शेवटी आईचा मोबाईल यूएसबीच्या वायरनं कॉम्प्युटरला जोडला आणि त्याच्यावरनं नेट घेतलं. तेवढा वेळ कीर्तन थांबलं, आणि त्या पापाची नोंद माझ्या नावावर अजून आहे.

ड्रायव्हर बदलून काही झालं नाही. पण त्या खटाटोपात एक गंमत सापडली. डोंगलच्या गुणधर्मांत आत कुठंतरी एक चौकट असते : वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची कॉम्प्युटरला परवानगी द्यावी काय? ती परवानगी आधीपासूनच दिलेली होती. आमचे बाबाही कुणी खोलीतनं उठायच्या आत दिवा घालवतात, तेव्हा हा काटकसरीचा संस्कार माझ्या ओळखीचा होता. खूण काढून टाकली. नेट जायचं थोडं कमी झालं. थोडंच.

मग भाच्यानं मला आसपासची सगळी वाय-फाय दाखवणारं ॲप घ्यायला लावलं. त्यात जे दिसलं त्यावर एक वेगळा लेख होईल. एका घराचं नाव 'शिवबा', त्याच्या खाली 'नम्म मने', त्याच्या खाली 'जय महाराष्ट्र', मग कुणीतरी 'पासवर्ड मागू नये'. मराठी-कानडी सगळी नावं एकमेकांच्या डोक्यावर बसलेली, कारण झाडून सगळे सहाव्या चॅनेलवर. २.४ च्या पट्ट्यात चॅनेल बरेच, पण एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच : एक, सहा आणि अकरा. इतक्या वर्षांत आमच्या गल्लीचं एखाद्या आकड्यावर असं एकमत झाल्याचं मला आठवत नाही. मी गुपचूप अकरावर गेलो. सकाळी नेट झक्क चाललं. चार वाजता गेलं.

इथं मात्र माझ्यातला कारकून जागा झाला. यंत्राची भाषा मला येत नाही, पण नोंदी येतात. मी एक लाल कापडी बांधणीची वही काढली आणि वाय-फायची रोजकिर्द घातली. जमेला नेट आल्याची वेळ, नावे गेल्याची, आणि तपशिलात घरात त्या वेळी काय चाललं होतं ते : माग चालू की बंद, पाऊस आहे की नाही, मिक्सर, पंप, पाहुणे. कॉम्प्युटर स्वतःसुद्धा मागच्या तीन दिवसांचा असा अहवाल काढून देतो, तांबड्या फुल्यांसकट. भाच्यानं तो हुकूम टाइप करून घेतला माझ्याकडनं. पण त्या अहवालात मिक्सर येत नाही. किर्दीची सर त्याला नाही.

खतावणी मांडली तेव्हा दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. नेट जातं ते बहुतेक चारच्या पुढं. आणि सोमवारी जात नाही.

अण्णा भिंतीवरून ओरडले, "सोमवारी माझा माग बंद असतोय!" आता त्यांचा विजय जवळजवळ पक्का होता. पुढच्या सोमवारी कपिलेश्वराच्या बाजूला असा पाऊस कोसळला की रस्ते तुंबले. अण्णांचा माग बंद. आणि चार वाजून गेल्यावर माझं नेट गेलं. मी वही घेऊन उठलो आणि घरभर फिरलो, या सोमवारी घरात असं काय आहे जे इतर सोमवारी नसतं?

बाबा होते.

बाबा दर सोमवारी दुपारची झोप झाली की कपिलेश्वराला जातात. बाकीच्या दिवशी त्या वेळेला माझ्या खोलीत येतात, आरामखुर्चीत बसतात आणि कुमार गंधर्व ऐकतात. कुमार आमच्या सुळेभावीचे, म्हणजे बाबांच्या लेखी जवळजवळ भाऊबंद. भाच्यानं दिवाळीला त्यांना एका पोर्टेबल हार्ड डिस्कमध्ये सगळं भरून दिलंय, निर्गुणी भजनं, माळव्याची लोकगीतं, सगळं. बाबा ती डिस्क कॉम्प्युटरच्या पाठीमागं, हाताला लागेल त्या निळ्या भोकात खुपसतात. त्या निळ्या भोकाच्या अगदी शेजारी, कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या दुकानदारानं लावलेला, माझा नखाएवढा डोंगल.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, निळं म्हणजे यूएसबी ३." त्या वायरीतून माहिती इतक्या झपाट्यानं धावते की तिचा गोंगाट आजूबाजूला सांडतो, आणि नेमका २.४ च्या पट्ट्यातच. इंटेलनं २०१२ सालीच यावर सविस्तर कागद काढला होता. भिंतींतून आणि पितळेतून आधीच धापा टाकत आलेला सिग्नल दोन बोटांवरच्या त्या गोंगाटात बुडून जायचा.

विज्ञान इतकं सोपं होतं. अवघड होतं ते बाबांना सांगणं.

"म्हणजे कुमारांच्यामुळं तुझं नेट जातंय म्हणतोस?"

"कुमारांच्यामुळं नाही बाबा, डिस्कमुळं."

"डिस्कमध्ये कोण आहे?"

याला उत्तर नाही. ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी आईला म्हणाले, "कुमारांचा सूर ऐकून ज्याचं चालत नाही, ते यंत्रच सदोष." आई म्हणाली, "मग ह्यानं सोप्यात येऊन बसावं की. माझं चालतंय."

तोडगा स्वस्तात निघाला. डोंगलसाठी एक लांब यूएसबीची वायर आणली, ती कॉम्प्युटरमागून काढून खिडकीपर्यंत नेली आणि डोंगल वरच्या गजाला नाडीनं बांधला. क्रोशाचा रुमाल राउटरवरून काढून टीव्हीवर गेला. पुढच्या २० तारखेला चारच्या ठोक्याला डिस्क लागली, 'उड जायेगा' सुरू झालं, ओटीपी आला, आणि विवरणपत्र गेलं. बाबांनी ठेका धरता धरता माझ्याकडं तिरक्या नजरेनं बघितलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

ही सगळी हकीकत गल्लीत पोचायला अर्थातच वेळ लागला नाही, पण पोचता पोचता तिचा मधला भाग गळून पडला. परवा ऐन पाचच्या सुमाराला, बाबांची तंद्री लागलेली असताना, भिंतीपलीकडनं अण्णांची हाक आली :

"अहो गुरुजी, जरा कुमार बंद करा की! आमचं नेट गेलंय!"