नव्वद मिनिटांची 'टोस्का'

परवा माळा आवरताना मामाने भरलेली कॅसेट सापडली. वर त्याच्या बारीक अक्षरात 'टोस्का, कॅलास, १९५३'. कॅलास म्हणजे नायिका टोस्काचं काम गाणारी मारिया कॅलास. कॅसेट नव्वद मिनिटांची आणि इटालियन संगीतकार पुच्चिनीचा हा ऑपेरा जवळपास पावणेदोन तासांचा. कात्री लावणं भागच होतं.

पण लावली कुठे? टेनरच्या, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या नायकाच्या 'रेकॉन्दिता आर्मोनिया' या गाण्यावर! ज्युझेप्पे दी स्तेफानोचा तेव्हाचा आवाज म्हणजे नुसतं लोणी, आणि या गृहस्थाने तो गाळला. यावरून मी त्याच्याशी कितीदा भांडलेय. उलट बी बाजूला दुसरा अंक अख्खा, एक सूरही न कापता. पहिला आणि तिसरा अंक ए बाजूला कोंबलेले. म्हणजे कॅसेट उलटली की मेलेली माणसं परत जिवंत.

"गाणी काय गं, कुठेही मिळतील," एवढंच त्याचं उत्तर.

आता पटतं. ऑपेराच्या 'हायलाइट्स' म्हणजे आपल्या नाट्यपदांच्या तबकड्या. पदं उचलायची, मधलं नाटक सोडून द्यायचं. नाटक न बघता पदं पाठ असलेले आपण, आपल्याला त्यात काही खटकतही नाही. पण मिलानच्या ला स्कालाच्या वाद्यवृंदासोबत झालेल्या या मुद्रणातल्या खऱ्या जागा दोन गाण्यांच्या मध्ये आहेत. दुसऱ्या अंकातलं टोस्काचं गाणं 'विस्सी दार्ते' सुंदरच आहे, पण त्याच्या आधीचं ऐका. प्रियकराला सोडवायला टोस्का पोलीसप्रमुख स्कार्पियाला विचारते, "क्वांतो?" किती? तो न कळल्यासारखं दाखवतो. मग ती म्हणते, "इल प्रेत्सो!" किंमत बोल. तिशीही न गाठलेली कॅलास हे दोन शब्द गात नाही, तोंडावर फेकते. पुढे त्याला भोसकल्यावर 'याच्यापुढे सगळं रोम थरथरायचं' ही ओळ खालच्या सुरात, जवळजवळ बोलल्यासारखी. टाळ्या घेण्यासारखं त्यात काही नाही. मला तर दर वेळी पाणी प्यावंसं वाटतं.

समोर टिटो गोब्बीचा स्कार्पिया. आवाज चढवत नाही, म्हणून जास्त भीती वाटते. कंडक्टर व्हिक्टर दे साबाता यांनी त्याच्याकडून पहिल्या अंकातला त्याचा भाग तीसेक वेळा गाऊन घेतला, असं निर्माते वॉल्टर लेग यांनी लिहून ठेवलंय. त्या अंकाच्या शेवटी चर्चमध्ये 'ते देउम' हे स्तोत्र चालू आहे, घंटा, तोफा, आणि हा माणूस भर प्रार्थनेत टोस्काचा विचार करतोय. हे मात्र मामाने ठेवलं होतं. तिसऱ्या अंकातली रोमची पहाट, मेंढपाळ पोराचं गाणं आणि चर्चच्या घंटाही. घंटांचे सूर नेमके मिळावेत म्हणून पुच्चिनी स्वतः रोमला जाऊन ऐकून आला होता.

ए बाजू शेवटी अपुरी पडली. टोस्का किल्ल्याच्या कठड्याकडे धावते, शिपाई मागे, आणि खट्! टेप संपली. आमच्या घरात टोस्काने कधी उडी मारलीच नाही. आता फोनवर पूर्ण ऐकते, तरी त्या जागी कान 'खट्'चीच वाट बघतात.